उसन्या आवाजातली हिट गाणी : प्रस्तावना

लोकांच्या तोंडी असलेले गाणे घ्यायचे, त्याचे शब्द आणि चाल शक्यतो तशीच ठेवायची आणि ते एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या आवाजाची नक्कल करत गायचे. एवढ्या एका कल्पनेवर इंग्रजी भाषिक जगात १९५०च्या दशकापासून आजपर्यंत तबकड्या, कॅसेटी, सीडी आणि चित्रफिती निघत आल्या आहेत. त्यांत सिनेटर रॉक गाणे म्हणतो, शेक्सपिअरचा नट बीटल्सचे गीत स्वगतासारखे बोलतो, एल्व्हिस प्रेस्ली स्वतःच्या मृत्यूनंतर रचलेली गाणी गातो. संगीताच्या व्यापारात या तबकड्यांना ‘नॉव्हेल्टी’ म्हणत आणि चार दिवसांची गंमत म्हणून विकत. संगीताच्या इतिहासात त्यांना क्वचितच जागा मिळाली. प्रस्तुत पुस्तक त्यांना एक स्वतंत्र प्रकार मानते आणि त्या प्रकाराचा सलग विचार करते.

या प्रकाराला तीन गोष्टी लागतात. गाणे श्रोत्याला आधीपासून ठाऊक असावे लागते. आवाजही ओळखीचा असावा लागतो, पण तो या गाण्याशी पूर्वी कधी जोडलेला नसावा. आणि या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा असतो, तो नकलाकार. श्रोता मूळ गाणे आठवत असतो, उसना आवाज ओळखत असतो आणि प्रत्यक्ष गाणारा वेगळाच कोणी आहे हेही त्याच वेळी जाणत असतो. यांतले एक जरी सुटले तरी तबकडी मुकी होते. १९६७ साली ज्या तबकडीवर अमेरिका हसली, ती आजच्या तरुण अमेरिकन श्रोत्याला समजावून सांगावी लागते. त्यामुळे अशी प्रत्येक तबकडी एका विशिष्ट वेळी समाजाला कोणती गाणी आणि कोणते आवाज सामाईकपणे माहीत होते, याचा भरवशाचा पुरावा ठरते.

शेजारच्या प्रकारांपासून याची सीमा आखून घेणे आवश्यक आहे. विडंबनगीतात चाल ठेवून शब्द बदलतात. इथे शब्द सहसा बदलत नाहीत, बदलतो तो म्हणणारा. आदरांजलीच्या कार्यक्रमात एल्व्हिससारखा गाणारा एल्व्हिसचीच गाणी गातो. इथे त्याने दुसऱ्याचे गाणे गायला हवे. स्वस्त नकली तबकड्यांचा व्यवहार आणखी निराळा. ब्रिटनमध्ये हॉलमार्क कंपनीने १९६८पासून ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या नावाने ताज्या हिट गाण्यांच्या हुबेहूब आवृत्त्या अनाम गायकांकडून गाऊन घेतल्या आणि कमी किमतीत विकल्या. १९७१ साली त्या मालिकेतल्या एलपी ब्रिटिश यादीत पहिल्या क्रमांकापर्यंत पोहोचल्या. नामवंत होण्यापूर्वी एल्टन जॉननेही अशी कामे केली होती. तिथे नक्कल लपवायची असते, इथे ती दाखवायची असते. याखेरीज नट मंडळींनी स्वतःच्याच आवाजात केलेले गाण्याचे प्रयत्नही आहेत. विल्यम शॅटनरची १९६८ची ‘द ट्रान्सफॉर्म्ड मॅन’ ही तबकडी त्यांपैकी सर्वांत गाजलेली. ऱ्हायनो कंपनीने १९८८ साली ‘गोल्डन थ्रोट्स’ या संग्रहात असे प्रयत्न एकत्र केले. तिथे आवाज खरा आहे आणि माणूसही तोच आहे, म्हणून हा प्रकार जवळचा असला तरी या पुस्तकाच्या कक्षेबाहेरचा आहे.

या कलेची मुळे रंगमंचावर आहेत. अमेरिकेतील व्हॉडव्हिल आणि ब्रिटनमधील म्युझिक हॉल या विविधरंगी कार्यक्रमांत नकलाकाराची पाळी ठरलेली असे आणि तो नामवंत गायक-गायिकांच्या लकबी काही मिनिटांत उभ्या करी. रेडिओने हे आवाज घराघरांत नेले, बोलपटाने नटांचे आवाज जगभर ओळखीचे केले आणि नकलाकाराचे भांडवल एकदम वाढले. ब्रिटनच्या फ्लॉरेन्स डेझमंडने १९३०च्या दशकात ‘अ हॉलीवूड पार्टी’ या तबकडीत चित्रपटतारकांच्या मेजवानीचे दृश्य एकटीच्या आवाजाने रंगवले. तिथे अजून संवाद मुख्य होता. एखादे हिट गाणे पूर्णपणे उसन्या आवाजांवर तोलण्याचा ठळक प्रयोग सॅमी डेव्हिस ज्युनिअरने केला. टोनी बेनेटने १९५१ साली लोकप्रिय केलेले ‘बिकॉज ऑफ यू’ हे प्रेमगीत त्याने १९५४ साली डेक्का कंपनीसाठी तबकडीच्या दोन बाजूंवर गायले. गाणे एकच, पण त्यात एकामागून एक नामवंतांचे आवाज उतरत जातात. पुढच्या काळात या प्रकाराने जो आराखडा वापरला, तो इथे जवळजवळ पूर्ण स्वरूपात दिसतो. डेव्हिस स्वतः पहिल्या प्रतीचा गायक होता. त्यामुळे नक्कल चालू असतानाही गाण्याचा ताल आणि सूर ढळत नाही, आणि गंमत संपल्यावरही संगीत उरते.

१९६०च्या दशकात एलपी तबकडी हे विनोदाचे मोठे माध्यम झाले. त्याचा उच्चांक म्हणजे व्हॉन मीडरची ‘द फर्स्ट फॅमिली’. अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या आवाजाची नक्कल असलेली ही तबकडी २२ ऑक्टोबर १९६२ रोजी, म्हणजे क्यूबातील क्षेपणास्त्रांविषयी केनेडींनी देशाला संबोधित केले त्याच रात्री, न्यू यॉर्कमध्ये श्रोत्यांसमोर मुद्रित झाली. तिच्या लाखो प्रती खपल्या आणि तिला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २२ नोव्हेंबर १९६३ला केनेडींची हत्या झाली आणि कॅडेन्स कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. या तबकडीत हिट गाण्यांचा खेळ नव्हता, पण तिने दोन गोष्टी सिद्ध केल्या. उसन्या आवाजाला प्रचंड बाजार आहे, आणि तो बाजार मूळ व्यक्तीच्या नशिबाला बांधलेला आहे.

केनेडी घराण्याचा बॉस्टनकडचा हेल याच काळात पॉप गाण्यापर्यंत पोहोचला. ट्रॉग्ज या ब्रिटिश बँडने १९६६ साली ‘वाइल्ड थिंग’ हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले होते. पुढच्याच वर्षी ‘सिनेटर बॉबी’ या नावाने त्याची नवी आवृत्ती पार्कवे कंपनीने काढली. गाणारा होता बिल मिन्किन, आणि आवाज होता सिनेटर रॉबर्ट केनेडी यांचा. तीन-चार शब्दांच्या ओळी, त्यांच्या मध्ये थांबून अडखळणारा सभ्य सिनेटर, आणि गाण्यात आणखी जोर आण म्हणून त्याला सूचना देणारा ध्वनिमुद्रणाचा निर्माता, अशी त्याची रचना होती. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला तेच गाणे सिनेटर एव्हरेट डर्कसन यांच्या घोगऱ्या, संथ आवाजात होते. योगायोग असा की खरे डर्कसनही त्याच सुमारास ‘गॅलंट मेन’ या स्वतःच्या निवेदनाच्या तबकडीमुळे बिलबोर्डच्या यादीत होते. ‘सिनेटर बॉबी’ त्या यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत चढला आणि त्यापाठोपाठ ‘बॉस्टन सोल’ हा अल्बम निघाला. जून १९६८मध्ये रॉबर्ट केनेडी यांचीही हत्या झाली. मग ‘द फर्स्ट फॅमिली’प्रमाणे याही तबकडीवर हसणे लोकांना शक्य राहिले नाही.

राजकीय शाखेचे बळ आणि मर्यादा या उदाहरणात एकत्र दिसतात. राजकारण्याचा आवाज सर्वांच्या परिचयाचा असतो. तो सभागृहासाठी घडवलेला असतो, आणि रॉक गाण्याला हवा असतो संयम सोडलेला आवाज. या दोन अपेक्षा एकमेकींवर आदळतात तेव्हा त्या पदाभोवतीचे गांभीर्य किती प्रमाणात सवयीचे आणि आवाजाचे आहे, ते कानांना कळते. शब्द एकही न बदलता केलेली ही टीका आहे. मात्र ती बातम्यांच्या आयुष्यावर जगते आणि बातम्यांबरोबरच जुनी होते.

ब्रिटनमधील शाखा वेगळ्या वाटेने वाढली. तिथे निर्माता जॉर्ज मार्टिन हा महत्त्वाचा दुवा आहे. बीटल्सशी नाव जोडले जाण्यापूर्वी तो पार्लोफोन कंपनीसाठी विनोदी तबकड्या काढत असे. पीटर सेलर्सच्या १९५९मधील ‘साँग्ज फॉर स्विंगिन सेलर्स’ या अल्बमची सुरुवात फ्रँक सिनात्राच्या ढंगातल्या गाण्याने होते. ते गाणारा ‘फ्रेड फ्लँज’ म्हणजे पुढे स्वतःच्या नावाने प्रसिद्धीस आलेला मॅट मन्रो होता. १९६५च्या अखेरीस सेलर्सने बीटल्सचे ‘अ हार्ड डेज नाइट’ लॉरेन्स ऑलिव्हिएच्या तिसऱ्या रिचर्डच्या थाटात म्हटले आणि ती तबकडी ब्रिटिश यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेली. इथे गाणे नाही, पठण आहे. दिवसभराच्या श्रमाने थकलेल्या प्रियकराचे साधे शब्द कारस्थानी राजाच्या तोंडी येताच त्यांत धमकी आणि वासना ऐकू येऊ लागते. गीताचे शब्द किती अर्थ पेलू शकतात, याचे हे प्रात्यक्षिक आहे.

ब्रिटनमध्येच बॅरन नाइट्स या बँडने गटांच्या आवाजांची नक्कल लोकप्रिय केली. अमेरिकेतील फोर प्रेप्स या चमूने १९६२ साली ‘द बिग ड्राफ्ट’मध्ये समकालीन गायकवृंदांना सैन्यभरतीवर पाठवण्याची कल्पना मांडली होती. तिच्याच आधारावर बॅरन नाइट्सनी १९६४ साली ‘कॉल अप द ग्रुप्स’ ही मिश्रिका केली आणि ब्रिटिश यादीत तिसरा क्रमांक गाठला. तिच्यात बीटल्स, रोलिंग स्टोन्स, सर्चर्स यांसारख्या गटांचे ढंग एकापाठोपाठ येतात. शब्द बदललेले असल्याने हे काम विडंबनाच्या सीमेवर आहे, पण त्यातून एक नवी गोष्ट कळली. रॉक संगीताच्या युगात ओळख एकट्या गळ्यात राहत नाही. गिटारचा ध्वनी, ड्रमचा ठोका आणि मागच्या सुरावटी मिळून ‘आवाज’ तयार होतो, आणि नकलाकाराला या सर्वांची नक्कल करावी लागते.

१९७०च्या दशकात गायकाने गायकाची केलेली नक्कल समीक्षेच्या जवळ गेली. नॅशनल लँपून या नियतकालिकाच्या मंडळींनी १९७३ साली न्यू यॉर्कमध्ये ‘लेमिंग्ज’ हा रंगमंचीय कार्यक्रम केला आणि त्याची तबकडी काढली. त्यात जॉन बेलुशी जो कॉकर झाला आणि क्रिस्टोफर गेस्ट जेम्स टेलर. रॉक गायकांची स्वतःविषयीची गंभीर समजूत हा त्यांचा विषय होता. १९७६ साली दूरचित्रवाणीवर खरा कॉकर आणि बेलुशीचा कॉकर शेजारी उभे राहून एकच गाणे गायले. रंगभूमीच्या बाजूने जेरार्ड अलेसँड्रिनीच्या ‘फॉरबिडन ब्रॉडवे’ने १९८२पासून संगीत नाटकांतील नामवंत अभिनेत्रींच्या गायनशैली इतक्या बारकाईने पकडल्या, की पुढे इंटरनेटवर गाजलेल्या कित्येक नकलांची शाळा तिथेच भरली असे म्हणता येते.

काल्पनिक पात्रांचे आवाजही या प्रकारात आहेत. १९५८ साली रॉस बॅगडासॅरियनने टेपचा वेग वाढवून चिपमंक्सचा चिरका आवाज तयार केला आणि पुढे त्या आवाजात बीटल्सची गाणी काढली. रॉबिन विल्यम्सने १९८३ साली ब्रूस स्प्रिंगस्टीनचे ‘फायर’ हे धगधगते गाणे कार्टूनमधल्या एल्मर फडच्या बोबड्या उच्चारात गायले. त्यातली कामुकता एका व्यंजनाच्या बदलाने कोसळते. असे उदाहरण उच्चाराचा आणि भावाचा संबंध ज्या स्पष्टपणे दाखवते, तो स्पष्टपणा शास्त्रीय विवेचनात सहसा येत नाही.

१६ ऑगस्ट १९७७ रोजी एल्व्हिस प्रेस्लीचा मृत्यू झाला आणि त्याचा आवाज या प्रकाराचे सर्वांत मोठे कोठार बनला. कॅलिफोर्नियाच्या ड्रेड झेपेलिन या बँडने १९९०च्या ‘अन-लेड-एड’ या अल्बममध्ये लेड झेपेलिनची गाणी रेगेच्या ठेक्यावर आणि एल्व्हिसच्या गळ्याने सादर केली. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीवर ‘द मनी ऑर द गन’ या कार्यक्रमाच्या प्रत्येक भागात लेड झेपेलिनचेच ‘स्टेअरवे टू हेवन’ वेगळ्या कलावंताकडून गाऊन घेतले जाई. कधी ते एल्व्हिसच्या, कधी डोअर्सच्या, कधी सुरुवातीच्या बीटल्सच्या ढंगात होई. त्या आवृत्त्यांचा संग्रह १९९२ साली निघाला. एकच गाणे इतक्या ढंगांतून ऐकताना त्या गाण्यातले काय टिकते आणि काय विरघळते, हे आपोआप तपासले जाते.

दिवंगत आवाजाच्या शाखेतले सर्वांत विचारपूर्वक केलेले काम बेलफास्टच्या जिम ब्राउनचे आहे. पोस्टमनची नोकरी करणारा हा गायक ‘द किंग’ या नावाने गात असे. १९९८च्या ‘ग्रेव्हलँड्स’ या अल्बमसाठी त्याने अकाली गेलेल्या रॉक कलावंतांची गाणी निवडली. कर्ट कोबेन, इयन कर्टिस, जिमी हेंड्रिक्स यांची गाणी तिथे एल्व्हिसच्या आवाजात येतात. सुरुवातीचे हसू लवकर ओसरते. कर्टिसचे तुटलेल्या नात्याचे गाणे एल्व्हिसच्या उबदार खर्जात अधिक दुःखी वाटते, आणि ही गाणी अमेरिकन रॉकच्या मूळ परंपरेपासून आपण समजतो तितकी दूर नाहीत हे लक्षात येते. हा प्रकार विनोदापुरता मर्यादित नाही, हे दाखवण्यासाठी एवढा एक अल्बम पुरेसा आहे.

इंटरनेटमुळे अल्बमची जागा सुट्या चित्रफितीने घेतली. २००७ साली ह्यूस्टनच्या केव्हिन रायन या निर्मात्याने बॉब डिलनच्या १९६५च्या ढंगात डॉक्टर स्यूसच्या बालकविता गाऊन ‘डिलन हिअर्स अ हू’ हा संग्रह जालावर ठेवला. स्यूसच्या हक्कधारकांनी हरकत घेतल्यावर तो काढावा लागला. २०१०मध्ये जिमी फॅलनने विलो स्मिथचे किशोरवयीन पॉप गाणे नील यंगच्या कातर आवाजात गायले, आणि खुद्द स्प्रिंगस्टीनने आपल्या तरुणपणाचा वेष घेऊन त्याला साथ दिली. फॅलनच्या २०१२च्या ‘ब्लो युअर पँट्स ऑफ’ या अल्बमला सर्वोत्तम विनोदी अल्बमचा ग्रॅमी मिळाला. ‘फॉरबिडन ब्रॉडवे’मधून आलेल्या क्रिस्टिना बियांकोने २०१३ साली एका पॉप गाण्यात अनेक गायिकांचे आवाज ओळीमागून ओळ उभे केले. २०१४ साली रॉब कँटरने २९ आवाजांत गायलेल्या गाण्याची चित्रफीत प्रसृत केली आणि ती लाखो लोकांनी पाहिली. नंतर त्यानेच उघड केले की ते आवाज इतर नकलाकारांचे होते. एका गळ्याने हे सारे केले, या विश्वासावर श्रोत्यांचा आनंद किती अवलंबून असतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

नकलेची तांत्रिक बाजू समजल्याशिवाय या इतिहासाचे मोल कळत नाही. माणसाचा आवाज स्वरतंतूंच्या कंपनातून निघतो आणि घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांत घडत बाहेर येतो. या पोकळ्यांची मूळ घडण प्रत्येकाची वेगळी असते आणि ती बदलता येत नाही. नकलाकाराच्या हाती राहतात त्या जिभेची जागा, ओठांचा आकार, घशावरचा ताण, श्वास आणि गती. म्हणून तो संपूर्ण आवाज उतरवत नाही, आवाजाच्या खुणा निवडतो आणि त्या थोड्या ठळक करतो. व्यंगचित्रकार चार रेषांत चेहरा पकडतो तसे. एल्व्हिससाठी खर्जातला दाटपणा, शब्दारंभीचा उचकीसारखा झटका आणि ओळीच्या शेवटचा कंप पुरतो. डिलनसाठी अनुनासिक स्वर आणि शेवटचे अक्षर ताणत नेण्याची सवय लागते. नील यंगसाठी उंच, पातळ, थरथरता सूर लागतो. कोणत्या खुणा घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या, या निवडीत नकलाकाराचे मत असते, आणि तेच त्याचे सर्जन असते.

गाण्यात आणखी एक अडचण येते. नटाची किंवा राजकारण्याची ओळख त्याच्या बोलण्याच्या गतीत, विरामात आणि हेलात असते. गाणे मात्र गती, विराम आणि स्वरांचे चढउतार आधीच ठरवून देते. म्हणजे ओळखीची साधनेच गाणे काढून घेते. सेलर्सने त्यामुळे पठणाचा मार्ग धरला, ‘सिनेटर बॉबी’ने ओळींमधल्या मोकळ्या जागा बोलण्याने भरल्या. गायकाची नक्कल करणाऱ्याला ही अडचण नाही, पण दोन गायनशैलींमधला फरक श्रोत्याला ऐकू येईल इतका स्पष्ट ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. या प्रकारातल्या जवळजवळ सर्व रचना या अडचणींची उत्तरे म्हणून समजून घेता येतात.

कायद्यानेही या प्रकाराला आकार दिला आहे. अमेरिकेच्या १९०९च्या कॉपीराइट कायद्याने अशी सोय केली, की एकदा गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले की इतर कोणीही प्रत्येक प्रतीमागे २ सेंट देऊन ते नव्याने मुद्रित करू शकेल. शब्द आणि चाल कायम ठेवणाऱ्याला वेगळी परवानगी लागत नसे, त्यामुळे नव्या आवाजात जुने गाणे आणण्याचा मार्ग सोपा राहिला. १९७६च्या कायद्याने तर ध्वनिमुद्रणासारखाच ऐकू येणारा नवा मुद्रणप्रयत्न मूळ मुद्रणाच्या हक्काचा भंग ठरत नाही, असे स्पष्ट केले. पण आवाज हा व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे, हा मुद्दा वेगळ्या दारातून आला. फोर्ड कंपनीने बेट मिडलरच्या नकारानंतर तिच्याच एका माजी सहगायिकेकडून तिच्या ढंगात जाहिरातीचे गाणे गाऊन घेतले. गाण्याचे हक्क रीतसर घेतलेले असूनही १९८८ साली न्यायालयाने मिडलरचा दावा मान्य केला. टॉम वेट्सनेही १९९२ साली फ्रिटो-ले कंपनीविरुद्ध अशाच कारणासाठी सुमारे २५ लाख डॉलरची भरपाई मिळवली. या निकालांतून एक उपयुक्त भेद पुढे आला. नक्कल म्हणून ओळखू येणारी नक्कल आणि मूळ व्यक्तीच गाते आहे असे भासवून माल विकणारी नक्कल, या दोन गोष्टी एक नाहीत.

महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय अगदी परका नाही. मुंबईच्या ऑर्केस्ट्रांत गाण्यांच्या मध्ये मिमिक्रीची पाळी असणे ही जुनी रीत आहे. जॉनी लिव्हर याच कार्यक्रमांतून पुढे आला आणि एचएमव्हीने त्याची ‘हंसी के हंगामे’ ही कॅसेट काढली. सुदेश भोसले यांची वाट अधिक विलक्षण आहे. मेलडी मेकर्स ऑर्केस्ट्रात गायक आणि नकलाकार म्हणून घडलेल्या भोसले यांनी १९९१च्या ‘हम’ चित्रपटात अमिताभ बच्चन यांच्यासाठी ‘जुम्मा चुम्मा’ गायले, ते बच्चन यांच्याच आवाजात. नक्कल पार्श्वगायन झाली आणि पडद्यावर ती अस्सल म्हणून स्वीकारली गेली. टी-सीरिजच्या कव्हर कॅसेटींचे काम याहून वेगळे, हॉलमार्कच्या वाटेचे. तिथे रफी किंवा लता यांची गाणी दुसऱ्या गळ्यातून, पण पूर्ण गांभीर्याने येत. भारतीय परंपरेत उसन्या आवाजाचा कल गमतीपेक्षा आदराकडे आणि उपजीविकेकडे राहिला, आणि ही तुलना दोन्ही बाजू समजायला मदत करते.

आज या विषयाला नवी निकड आली आहे, ती यंत्राने केलेल्या आवाजाच्या नकलेमुळे. २०२० साली एका यूट्यूब वाहिनीने बिली जोएलचे गाणे आणि हॅम्लेटचे स्वगत संगणकनिर्मित जे-झीच्या आवाजात प्रसृत केले आणि जे-झीच्या कंपनीने त्यावर हरकत घेतली. एप्रिल २०२३मध्ये ड्रेक आणि द वीकेंड यांच्या कृत्रिम आवाजातले ‘हार्ट ऑन माय स्लीव्ह’ हे गाणे ऐकवणाऱ्या मंचांवरून काढावे लागले. मार्च २०२४मध्ये टेनेसी राज्याने व्यक्तीच्या आवाजाला संरक्षण देणारा कायदा केला आणि त्याला एल्व्हिसचे नाव दिले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५मध्ये आशा भोसले यांना अशा वापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. जो खेळ काल एका नकलाकाराच्या वर्षांच्या सरावावर उभा होता, तो आज कोणालाही काही मिनिटांत करता येतो.

अशा वेळी जुन्या तबकड्या एक मोजमाप पुरवतात. यंत्र आवाजाची सर्व वैशिष्ट्ये सारख्याच निष्ठेने उतरवते. नकलाकार निवड करतो. यंत्राच्या गाण्यात तिसरा माणूस नाही, त्यामुळे गाण्याविषयी आणि आवाजाविषयी कोणाचे तरी मत त्यात सापडत नाही. मिन्किनने केनेडींचा संकोच निवडला, सेलर्सने ऑलिव्हिएतला डावपेची नट निवडला, जिम ब्राउनने एल्व्हिसमधला शोक निवडला. या निवडींमुळेच ती गाणी भाष्य ठरतात. न्यायालयांनी काढलेली उघड नक्कल आणि फसवणूक यांच्यातली रेषादेखील याच माणसाच्या उपस्थितीवर आधारलेली आहे. या प्रकाराचा अभ्यास केल्याखेरीज कृत्रिम आवाजांविषयीची आजची चर्चा अर्धीच राहते, कारण काय हरवते आहे याचे भान तिला राहत नाही.

या पुस्तकाचा प्रयत्न तीन पातळ्यांवर आहे. एक, विनोदी तबकड्यांच्या ढिगातून उसन्या आवाजातली हिट गाणी वेगळी काढून त्यांचा कालक्रम मांडणे. दोन, राजकीय आवाज, नट व पात्रांचे आवाज, गायकाने गायलेला गायक आणि दिवंगत आवाज या चार शाखांची लक्षणे निश्चित करणे. तीन, प्रत्येक महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणात नकलाकाराने केलेली निवड कानाने तपासणे. भर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया येथील कामावर आहे, कारण हा प्रकार तिथेच स्वतंत्रपणे बहरला; भारतीय उदाहरणे तुलनेपुरती येतात. नामवंतांच्या चरित्रांना इथे दुय्यम स्थान आहे आणि नकलाकारांना प्रथम. तबकडीवर अनेकदा टोपणनावाने छापलेल्या या कलावंतांच्या कामाचा हिशेब त्यांच्या नावाने मांडला जावा, हा या लेखनामागचा मुख्य आग्रह आहे.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने ऐकण्याचा एक क्रम पाळणे उपयोगी ठरेल. आधी मूळ गाणे ऐकावे, मग ज्याची नक्कल केली आहे त्या व्यक्तीचा खरा आवाज ऐकावा, आणि शेवटी तबकडी लावावी. या क्रमाने ऐकल्यास काय उचलले, काय सोडले आणि काय वाढवले हे स्पष्ट कळते, आणि पुढील विवेचनातले प्रत्येक विधान वाचकाला स्वतःच्या कानाने पडताळून पाहता येते.